एकूण अपत्ये

दुपारी लॉन्ड्रीत इस्त्री फिरवत असताना आईला घरून बोलावणं आलं. थोरला आला होता. दारातून वाकूनच आत यावं लागे इतका उंच, आणि त्या दिवशी त्याचा आनंद घरात मावत नव्हता. शाळा, जिल्हा, राज्य अशा पायऱ्या चढत तो देशातल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक बास्केटबॉल संघात निवडला गेला होता. करार तयार होता. वयाच्या पडताळणीचा एक कागद तेवढा आईच्या सहीसाठी अडला होता.

"इथं," वडिलांनी बोट ठेवलं. ते बस कंडक्टर, सगळं घाईत उरकायची सवय. "वाचत काय बसलीस?"

ती वाचत होती. नाव धाकट्याचं. जन्मतारीख धाकट्याची. खाली छापलं होतं, 'एकूण अपत्ये', आणि पुढे वडिलांनी भरलं होतं, 'एक'.

तेरा वर्षांपूर्वी नऊ वर्षांचा धाकटा तापानं गेला. सांत्वनाला आलेला थोरल्याचा प्रशिक्षक जाता जाता वडिलांना बाजूला घेऊन म्हणाला, "मृत्यूची नोंद केली नसेल तर करू नका. हा बाराचा आहे, नऊचा दाखवला तर त्या वयोगटात याच्यासमोर कोण टिकणार? सगळेच करतात हो." वडिलांनी वस्ती बदलली, शाळा बदलली. थोरला धाकट्याच्या नावानं पटावर चढला. गेलेला कागदावर जिवंत राहिला, जिवंत होता तो पुसला गेला.

त्या नावानं थोरल्याला हाक मारायला आईची जीभ कधी वळली नाही. ती एकदाच सामना बघायला गेली. हजारो लोक टाळ्यांच्या ठेक्यात धाकट्याचं नाव घेत होते. ती मधूनच उठली आणि बाहेर नळापाशी तोंडात रुमाल कोंबून उभी राहिली.

"मी दोन पोरं जन्माला घातलीत," ती आता म्हणाली.

"डोकं फिरलंय का तुझं?" वडील ओरडले. "गेलेला परत येणारे का? आहे त्याच्या अन्नात माती कालवतेस!"

थोरला तिच्या पायाशी बसला. "आई, मला दुसरं काहीच येत नाही गं. कर ना सही."

तिनं पेन उचललं. ते कागदाला टेकलंसुद्धा.

"खऱ्या नऊ वर्षांची पोरं होती ना रे तिथं?" तिनं विचारलं. "तुझ्यामुळं बाकावर बसलेली?"

त्यानं कागद तिच्याकडे आणखी पुढं सरकवला.

"एकाला तापानं नेलं," ती म्हणाली. "दुसऱ्याला आम्ही मारलं, आणि मी बघत बसले. आता नाही." तिनं पेन खाली ठेवलं.

तो घोटभर पाणीही न पिता निघून गेला. आईची सही नाही म्हणून करार मोडला, चौकशी झाली, चार वर्षांची बंदी आली. प्रशिक्षकानं हात झटकले: "कागद आईबापांनी दिले, मला काय माहीत?" शेजारपाजार म्हणाला, आई कसली, वैरीण. वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं. थोरला परगावी गोदामात खोकी उचलू लागला. दोन वर्षं त्याचा फोनसुद्धा नाही. ती मात्र रोज दोन्ही पोरांसाठी रडायची.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी तो दारात उभा राहिला. वाळलेला, गाल बसलेले. "चल," एवढंच म्हणाला.

जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीवर कारकुनानं मृताचं नाव विचारलं. थोरल्यानं सांगितलं. इतकी वर्षं तेच नाव तो स्वतःचं म्हणून सांगत आला होता.

"एवढी वर्षं नोंद का केली नाही?"

आई बोलणार तोच थोरला म्हणाला, "मला खेळायचं होतं."

परतताना वाटेत त्याच प्रशिक्षकाचं मैदान लागलं. दहा वर्षांखालच्यांची निवड चालली होती. रांगेतल्या दोघांना चक्क मिसरूड फुटलं होतं. आईबाप हातात कागद धरून फाटकापाशी ताटकळत होते. थोरला क्षणभर थांबला, मग सरळ पहिल्या बापापाशी गेला.

"दादा," तो म्हणाला, "तो कागद आत देण्याआधी माझं दोन मिनिटं ऐका."