भंगारातले पणजोबा

नुसतं लोखंड म्हणून विकलं असतं तर दुकानदाराला महिन्याचं भाडं सुटलं असतं. मुठीवर कोरलेल्या ओळीचा इतिहास जोडला तर वर्षाचं. आणि त्या ओळीतला कप्तान घरचाच निघाला, तर भाड्याचं दुकान मालकीचं! जुन्या वस्तूंच्या धंद्यात वस्तूपेक्षा घराण्याचा कागद महाग. म्हणून भंगारातून आलेल्या त्या लष्करी रिव्हॉल्वरसाठी त्याने एक पणजोबा पैदा केला आणि प्रतिज्ञापत्रावर सही ठोकली.

ओळ अशी होती: ‘पुलावरच्या कामगिरीबद्दल कप्तानसाहेबांस, तिसऱ्या तुकडीकडून.’ कामगिरी शोधायला बायकोचा भाऊ होताच, दप्तरखान्यातला निवृत्त कारकून. जुन्या कागदांपुढे त्याला जेवणही आठवत नसे.

तीन आठवड्यांनी तो आला, पण बसला नाही.

“दाजी, विकू नका.”

“का? बनावट आहे?”

“असतं तर बरं. पुलावर शत्रू नव्हताच. थकलेला पगार मागितला म्हणून कप्तानाने आपलेच सात शिपाई उभे करून मारले. उरलेल्यांचे पैसे कापून ही भेट स्वतःलाच करवून घेतली.”

“मग लिही की, बंड मोडलं!”

“निदान पणजोबा तरी मागे घ्या.”

“अरे, निम्मी किंमत त्यांचीच आहे!”

जाहिरात पणजोबा, प्रतिज्ञापत्र आणि पत्ता यांसकट छापली. मारलेल्या शिपायांच्या सात घरांत ती गोष्ट अजून जिवंत होती. सोमवारी समोरच्या बाकावर एक म्हातारा सुतार येऊन बसला. बुधवारी तिघे. शनिवारी सात. नुसते दुकानाकडे बघत.

दुकानदार धावत बाकापाशी गेला. “अहो, तो माझा कुणी नाही! भंगारात मिळालं हे!”

“सही तुमचीच ना?” सुतार शांतपणे म्हणाला. “आमच्या माणसांना नाही म्हणायची सोय नव्हती.”

दुसऱ्या दिवशी दुकानदाराला ताप भरला. गल्ल्यावर मेहुणा बसला. दुपारी बाक एकदम रिकामा झाला.

“तुम्ही घरचेच ना?” सुताराने दारातून विचारलं.

जन्मभर खरं तेच लिहिलेला माणूस. सवयीने म्हणाला, “हो.” सुताराची पटाशी तेवढ्यावरच चालली.

कप्तान पेन्शन खात अंथरुणात मेला होता. त्याची किंमत सातांनी पुलावर भरली, सुतार तुरुंगात भरतोय. ताज्या रक्तामुळे रिव्हॉल्वर अडीचपट किमतीला गेलं, दुकान मालकीचं झालं. पणजोबांचा हिशेब मात्र मेहुण्याने चुकता केला. त्याच्या घराण्यात साधा शिपाईसुद्धा कुणी झाला नव्हता.