गाळाखालचं घर

त्या वर्षी धुरपताच्या गावाचं नाव पेपरात तीनदा आलं. जानेवारीत टेकडीलगतच्या प्राचीन थडग्यांभोवतीच्या दगडी वर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी सापडल्या, फेब्रुवारीत घोड्याच्या तोंडावर बांधायचा तांब्याचा साज, मार्चात लाल मण्यांची अख्खी माळ. खोदकामाच्या प्रमुख वर्षाली मॅडम पुण्याच्या. मजुरीला बाया गावातल्याच. मिरची-वांग्याची रोपं लावून लावून धुरपताचा हात हलका झालेला, म्हणून नाजूक जागी ब्रश तिच्याकडे.

एप्रिलात धाम नदीच्या अंगानं नवा खड्डा घेतला. तिथं घर निघालं. चुलीवर मडकं तसंच, आत कुळथाचे दाणे. खुंट्याजवळ दोन शेळ्यांची हाडं. दाराशी एक बाई पालथी पडलेली, मनगटात शंखाची बांगडी, आणि तिच्या छातीखाली लहान लहान हाडं.

धुरपतानं ब्रश खाली ठेवला. "मॅडम, हे लोक पळाले काऊन नाई?"

वर्षालीनं खड्ड्याच्या भिंतीवर हात फिरवला. घरावर पुरुषभर पिवळा गाळ, मध्ये कुठे रेघ नाही. "वेळच मिळाला नसेल. हा सगळा गाळ एकाच पुराचा आहे."

"असा पूर एकडावच आला?"

वर्षालीनं खड्ड्याच्या तळाकडे बोट दाखवलं. "खाली आणखी एक घर लागलंय. त्याच्यावरही असाच गाळ आहे."

मोजणी झाली. गाळाची वरची पातळी नदीकाठच्या नव्या वस्तीपेक्षा दोन हात उंच होती. धुरपताचा दीर लक्ष्मणराव नुकताच तिथं राहायला गेला होता. ग्रामसभेत वर्षालीनं नकाशा दाखवला आणि वस्ती वर हलवायला सांगितलं. सरपंच सदाशिवराव हसले. "मॅडम, हजारो वर्साची गोष्ट! आता तं पावसाचा अंदाज मोबाइलवर येते. तुमी गावात म्युझियम होते का, ते बोला."

जाऊ छायाही ऐकेना. "बाई, मुर्द्यायचे हाडं उकरून तुमच्या मनात भेव बसलं."

धुरपतानं वाद घातला नाही. नवऱ्याच्या, बापूरावच्या मागे लागून तिनं टेकडीवर टिनाचं छप्पर उभं केलं आणि आषाढातच बिऱ्हाड हलवलं. श्रावण कोरडाच गेला. लोक तिला 'टेकडीवाली' म्हणू लागले.

भादव्यात एका दुपारी गावात लख्ख ऊन होतं आणि धामेचं पाणी पिवळं झालं. वर आर्वीकडे ढग फुटल्यासारखा पाऊस झाला होता. घाटाच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा होताना धुरपतानं पाहिलं आणि ती धावतच छायाच्या घरी गेली. छाया कणीक मळत होती. लक्ष्मणराव आतल्या खोलीत झोपला होता.

"चाल, ऊठ. नदी येऊन राह्यली."

"एवढ्या पोया होऊ द्या, मंग येतो."

अंगणात छायाची चार वर्षांची आचल खेळत होती. धुरपतानं तिला उचललं आणि टेकडीची वाट धरली.

"बाई! पोरीले कुठं नेता?" पिठाच्या हातांनी छाया ओरडत मागे धावली. चढावर तिनं धुरपताला गाठलं, पोरगी ओढून घेतली, रागानं मागे वळली. वाट नव्हती. छपराछपरांतून पिवळं पाणी चाललं होतं, आणि त्याचा आवाज कसा तो नव्हता.

"आचलचे बाबा!" छाया किंचाळली. ती खाली धावू लागली. धुरपतानं तिला कमरेला मिठी मारून धरलं, सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोटी आल्या. छपरांवरून तेवीस माणसं उतरवली. लक्ष्मणराव त्यांत नव्हता. छाया आजही धुरपताच्याच छपराखाली राहते, पण तिच्याशी एक शब्द बोलत नाही.