अक्काची पहाट

माईक झुरळाएवढा होता, आणि रेशमावर तो झुरळासारखाच ठरत नव्हता. प्रणीत नावाचा कॅमेरावाला तो पदराला लावायचा आणि सुचेतानं श्वास घेतला की तो घसरून मांडीत पडायचा. त्यात ब्लाउज नवा, त्यात अक्कानं सकाळीच कमरेत आणखी एक टीप मारलेली... श्वास जपूनच घ्यावा लागत होता. "मॅम, स्वल्प सरळ बसा," प्रणीत म्हणाला. नागपूरचा माणूस, पण या कानडी शहरात थोडे दिवस काढले की 'जरा'च्या जागी 'स्वल्प' जिभेला आपोआप चिकटतं. सुचेता सरळ बसली. आजच्या दिवसातलं तिचं हे पहिलंच मोठं काम.

भिंतीलगतच्या खुर्चीवर कावेरीअक्का बसली होती, सख्खी थोरली बहीण, गळ्यात पाहुण्यांचा पास. चिकपेटच्या गल्लीत तिचं फॉल-पिकोचं आणि ब्लाउज शिवायचं दुकान. ब्लाउज द्यायला म्हणून ती भल्या सकाळी सर्जापूर रोडच्या फ्लॅटवर आली, सुचेताला उठवलं, आणि 'तुझं शूटिंग बघूनच जाते की' म्हणत गाडीत बसून व्हाइटफील्डच्या या ऑफिसपर्यंत पोचली. दुकान त्यासाठी बंद ठेवलं होतं. तापातसुद्धा दुकान उघडणाऱ्या अक्कानं.

"रेडी, मॅम?" सिद्धीनं विचारलं. सिद्धी एचआरमधली, पुण्याहून नुकतीच आलेली, उत्साहानं सारखी टाचा उचलणारी. कंपनीच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलींना दाखवायला ही फिल्म होती, आणि तिचं नाव 'शून्यातून शिखराकडे' हे सिद्धीनंच ठेवलं होतं. "सिंपल ठेवू या. मॅम, तुमच्या कष्टांबद्दल सांगा."

कष्ट...

सुचेतानं कॅमेऱ्याच्या काचेकडे पाहिलं आणि आठवू लागली. प्रामाणिकपणे आठवू लागली, कारण मुलींना फसवायची तिची अजिबात इच्छा नव्हती. निपाणीतलं दोन खोल्यांचं घर, वडील तंबाखूच्या वखारीत — शून्य म्हणायला ते पुरेसं होतं, त्याबद्दल वाद नाही. अडचण होती ती शून्यानंतरच्या भागाची. मी नेमकं काय केलं? गणितं सुटायची, हे खरं, पण ती गादीवर पालथं पडून सुटायची, त्याला कष्ट म्हणायचे का? सरकारी कॉलेजात जागा मिळाली, आणि शेवटच्या वर्षी कंपनी आली ती वर्गाचा हजेरीपटच उचलून घेऊन गेली. ज्या दोघांना घेतलं नाही ते त्या दिवशी गैरहजर होते. पुढे बैठकांमध्ये तिला जेवणानंतर हमखास पेंग यायची आणि ती गप्प बसायची — या गप्प बसण्याची ख्याती पसरली, 'सुचेता विचार करून बोलते' असं साहेब लोक म्हणू लागले, आणि तिला बढती मिळाली. कंपनीनं दिलेले शेअर वाढले ते ती बाळंतपणाच्या रजेवर असताना. फ्लॅट तर... एका भर उन्हाळ्याच्या दुपारी निलगिरीच्या झाडीतलं ते बुकिंग ऑफिस तिला आवडलं कारण आत एसी होता. 'थोडं बसू या' म्हणाली, आणि ती बसली असताना अवधूतनं, तिच्या नवऱ्यानं, सह्या केल्या. आता तिथे जागा मिळत नाही म्हणतात. माणसं आम्हाला दूरदृष्टीची जोडी म्हणतात.

"खरं सांगायचं तर," ती म्हणाली, "मी फारसे कष्ट केले नाहीत."

"कट," सिद्धी म्हणाली. "मॅम, हे खूप हम्बल आहे. पण मुलींना थोडं इन्स्पायरिंग हवं ना."

दुसऱ्या वेळी सुचेतानं सांगितलं की त्या काळात कंपन्यांना माणसं हवी होती आणि ती तिथे होती. सिद्धीनं मान वाकडी करून ऐकलं. "हे थोडं इकॉनॉमिक्स झालं, मॅम."

तेव्हा भिंतीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ती लाजतीय," अक्का म्हणाली. "मी सांगते की."

आणि परवानगीची वाट न बघता ती येऊन सुचेताशेजारी उभी राहिली, पास नीट केला आणि कॅमेऱ्याकडे — दुकानात गिऱ्हाइकाकडे बघावं तसं — थेट बघून बोलू लागली. वखारीचा भोंगा व्हायच्या आत ही उठायची. घरात आईबरोबर विड्या वळायला लागायच्या, दोन्ही हात गुंतलेले, समोर पुस्तक उघडं. पान संपलं की उलटणार कसं? हात सोडला तर विडी सुटती. मग ही वाकायची आणि हनुवटीनं पान उलटायची. पुस्तक संपेपर्यंत हनुवटी तंबाखूनं पिवळी. गावातल्या बायका हसायच्या. हसू देत, म्हणायची, उलटतंय ना पान.

सिद्धीच्या टाचा जमिनीला टेकल्या होत्या. प्रणीतनं कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलं होतं. आणि सुचेताला ती हनुवटी दिसत होती, अगदी स्पष्ट — गोधडीतून दिसायची तशी, एका डोळ्यानं, कारण दुसरा उशीत असायचा. दिव्याखाली वाकलेली अक्का, बँकेच्या परीक्षेचं जाड पुस्तक, आणि मध्येच टप् असा आवाज, पान पडल्याचा... त्या आवाजानं झोप मोडायची म्हणून सुचेता कुरकुरायची, 'अक्का, हळू उलट की.' ती परीक्षा अक्का पास झाली होती. यादीत नाव आलं होतं. त्या वर्षी भरतीच थांबली, आणि पुन्हा सुरू झाली तेव्हा अक्काचं वय उलटून गेलं होतं.

"मॅम," सिद्धी हळूच म्हणाली, "हनुवटीनं?"

आता सांगायला हवं होतं. सुचेतानं तोंड उघडलंही. पण अक्कानं तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि त्या हाताचा दाब असा होता की — बोलू नको म्हणणारा नव्हे, उलट इतका कौतुकाचा, इतका खराखुरा अभिमानाचा, की सुचेताची मान आपोआप हलली. वर-खाली.

"हे दाखवायलाच हवं," सिद्धी म्हणाली.

तंबाखू नव्हता, विड्या नव्हत्या. कंपनीचं गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक टेबलावर उघडून ठेवलं, आणि सुचेता — दोन मजल्यांवरची माणसं जिच्या सहीवर रजा घेतात ती सुचेता — त्यावर वाकली. हनुवटी घसरली. पान हललं नाही. पुन्हा वाकली तर पानावरच्या हसऱ्या ग्राहकाच्या कपाळाला मेकअपचा पट्टा लागला.

"वरून नाही," अक्का हळूच म्हणाली, पण माईकमध्ये ते लख्ख गेलं. "खालच्या कोपऱ्यातनं धर. आणि हनुवटी स्वल्प ओली करायची. इतकी वर्षं झाली, विसरली ती."

सुचेतानं हनुवटी ओली केली. पान उलटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्कानं सगळ्यांत जास्त.

परतताना रिंग रोडवर गाडी अडकली. ड्रायव्हर दयानंदनं इंजिन बंद केलं, म्हणजे खोळंबा लांबचा होता. अक्काच्या मांडीवर ऑफिसनं दिलेला खाऊचा डबा होता. तो तिनं दाजींसाठी राखून ठेवला होता.

"अक्का, ते सगळं तुझं होतं."

"होतं की."

"मग माझ्या नावावर का घातलंस?"

अक्का बाहेर बघत होती. "माझ्या नावावर सांगितलं असतं, तर पोरींनी विचारलं असतं, मग पुढं काय झालं? काय सांगायचं? मग भरती थांबली. मग शेवयांचा धंदा काढला, तर पार्टनर पळाला. मग डबे काढले, तर लॉकडाउन. मग दुकानाम्होरचा रस्ता खोदला तो तसाच. गोष्टीला शेवट लागतो गं. तुझ्याकडं आहे."

तिच्या आवाजात कडवटपणा शोधून सुचेता दमली. नव्हताच. उलट, उरलेलं कापड वाया न जाता कुणाला तरी उपयोगी पडलं, असा एक निवांतपणा होता, आणि तोच जास्त टोचत होता.

"पण त्या मुलींना खरंच वाटेल, की पहाटे उठलं की सगळं होतं."

"मग काय सांगतीस त्यांना? बरोबर वर्षी जन्माला या म्हणून?"

"तसं नाही, पण—"

"त्यांचं राहू दे. मला सांग." अक्का तिच्याकडे वळली. बसचा नंबर विचारावा तितक्या सहज तिनं विचारलं, "उद्या सकाळी मी मशीनवर बसणार. ते काय समजून बसायचं?"

सुचेताला उत्तरं येत होती. असल्या प्रश्नांवर तिनं ऑफिसात अख्खी सादरीकरणं केली होती. संधी, परिस्थिती, व्यवस्था, सगळे शब्द रांगेनं हजर झाले. पण त्यांतला एकही या बाईपुढे उभा करवेना... जी चुकली असं म्हणवत नव्हतं, आणि जिचं बरोबर होतं असं म्हणायला पुरावा कुठे होता? पुरावा म्हणून मीच तेवढी, आणि मी तर झोपले होते. दयानंद आरशातून मागे बघत होता. त्यालाही बहुधा ऐकायचं होतं.

गाड्या जरा सरकल्या. अक्काचं लक्ष कधीच बाहेर गेलं होतं, नव्या इमारतीखालच्या रिकाम्या गाळ्यांच्या रांगेकडे. शटरांवर अजून प्लास्टिक तसंच होतं.

"इकडं ब्लाउज शिवून देणारं कोण दिसत नाही," ती म्हणाली. "एवढ्या बिल्डिंगा. एवढ्या बायका. चिकपेटला कोण येणार एवढं लांब? इकडंच एक लहान काढलं तर? तू काय म्हणतीस?"

इथली भाडी सुचेताला माहीत होती. इथले मालक कसे, किती महिन्यांत काय होतं, सगळं. ते सांगणं म्हणजे काळजी, की गोधडीतून कुरकुरणं, हे तिला ठरवता येईना. आणि 'काढ की' म्हणणं तर त्या फिल्ममधल्या बाईनं बोलण्यासारखं होतं.

"सरी," ती म्हणाली.

या गावात त्या शब्दाचा अर्थ 'बरं' होतो, 'पुरे' होतो, 'ऐकलं' होतो, 'चला निघा' होतो. अक्कानं हवा तो घेतला आणि मान बाहेर काढून गाळे मोजू लागली. दयानंदनं इंजिन चालू केलं. आपण कोणत्या अर्थानं म्हणालो, हे सुचेता अजून चाचपून बघत होती, आणि छातीत काहीतरी भराभरा चालू लागलं होतं... जणू कुठेतरी पोचायचं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटत होतं की उशीर होतोय — कशाला, ते कळत नव्हतं.