न चढलेली एकसष्ट माणसं

बससेवेच्या कार्यालयात तिला सगळे टक्केबाई म्हणत. बाहेरच्यांचा त्या नावाने भलताच गैरसमज होई, पण ती बिचारी फक्त सर्वेक्षणाचे टक्के काढायची. यंदाचा आकडा तर अगदी मनाजोगता आला होता. बसमध्ये चढणं सोपं वाटतं, असं त्र्याण्णव टक्के प्रवाशांनी सांगितलं होतं. संध्याकाळी चहा घेताना तिने तो मोठ्या कौतुकाने आत्याला ऐकवला.

आत्या तिच्याकडेच राहायची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर व्यायामासाठी तिला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जावं लागे, आणि त्या दिवशीही ती थांब्यावरून तशीच परत आली होती.

“कुणाला विचारलंत गं हे?”

“प्रवाशांना.”

“कुठे गाठून?”

“बसमध्येच. दुसरीकडे कुठे?”

आत्याने कप खाली ठेवला. “म्हणजे जे चढले त्यांनाच विचारलंत, चढता येतं का?”

टक्केबाई आधी हसली, मग तिला ते उमगलं. चौदा वर्षं हे काम करूनही एवढी साधी गोष्ट आपल्या डोक्यात येऊ नये, याची तिला शरम वाटली.

दुसऱ्या दिवसापासून फॉर्मांचा गठ्ठा घेऊन ती आत्याच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. बस फुटपाथपासून चांगली दोन हात लांब थांबायची, त्यामुळे आधीच उंच असलेली पायरी आणखी उंच व्हायची. कुबडी घेतलेले एक गृहस्थ तीन बस सोडून चौथीकडे आशेने बघत राहायचे आणि मग चालू लागायचे. चार दिवसांत दोनशे बारा माणसं आली. त्यांतली एकसष्ट न चढताच निघून गेली.

संचालकांनी तिचा कागद चष्मा वरखाली करत वाचला.

“बाई, ही माणसं आपल्या मोजणीत येतच नाहीत. चढलाच नाही तो प्रवासी कसला?”

“पण चढायलाच आला होता ना, साहेब!”

“आला असेल हो. पण त्याला कुठल्या रकान्यात घालू?”

रकाना खरंच नव्हता. ती हिरमुसून उठणार, इतक्यात साहेबांचा चेहरा उजळला. वार्षिक अहवालाच्या शेवटी ‘संशोधनाच्या गरजा’ असं एक प्रकरण असे. कार्यालयाला सगळंच ठाऊक असल्यामुळे ते वर्षानुवर्षं कोरं जाई आणि वरून टोमणे येत. एकसष्ट माणसं तिथे चपखल बसली. तीन वर्षांच्या मुदतीचा अभ्यासगट नेमला गेला, टक्केबाई त्याची सचिव झाली, आणि सभेची तारीख यथावकाश कळवायचं ठरलं.

त्या चार दिवसांत एका जाड मिशांच्या ड्रायव्हरने मात्र तिला हटकलं होतं, “बाई, रोज उभ्या राहता आणि चढत कशा नाही?” तिने कारण सांगितलं. त्यानंतर तो बस फुटपाथला अगदी चिकटवून लावू लागला आणि सगळे चढेपर्यंत दम धरू लागला. आत्या पहिल्यांदा चढली त्या दिवशी घरी येऊन तिने सगळा प्रवास तिखटमीठ लावून सांगितला.

पंधरवड्यात ड्रायव्हरवर नोटीस निघाली. थांब्यावर बारा सेकंदांऐवजी एकोणचाळीस सेकंद थांबल्याची नोंद बसमधल्या यंत्राने केली होती. आकडे तपासायला कागद टक्केबाईकडेच आला. तिने सवयीने ते दोनदा पडताळले. बरोबर होते. मग तिने शेरा लिहिला, ‘सदर विलंब हा अभ्यासगटाच्या प्रयोगाचा भाग आहे.’

साहेबांनी लगेच बोलावलं. “प्रयोग? कुणाच्या परवानगीने?”

“आपल्याच, साहेब. अभ्यासगटाच्या आदेशावर आपलीच सही आहे.”

“आणि किती दिवस चालणार हा?”

“तीन वर्षं. मध्येच बंद केला तर का केला, ते वर लिहून कळवावं लागेल.”

साहेबांनी नोटीस दुमडली आणि फाइलींच्या ढिगाखाली सरकवली.

ही बातमी डेपोत पोचायला वेळ लागला नाही. महिनाअखेरीला अकरा ड्रायव्हर तिच्या टेबलाभोवती उभे होते. आम्हालाही प्रयोगात घ्या, म्हणाले.

“फुटपाथला चिकटवून लावाल?”

“लावू की! नोटीस येणार नसेल तर लांब कशाला लावू?”

टक्केबाईने नवी वही काढली आणि एकेकाचं नाव लिहून घेतलं. अभ्यासगटाची पहिली सभा अजून भरायचीच होती.