रंभाबाईच्या हातची पावशी

मार्कंड्याहून कोसभरावर झिंगू लोहाराची भट्टी होती. सत्तावन्न सालच्या चैत्रात ती एकट्या माणसाची झाली, त्याला तीन वर्षं होत आली होती.

लोहारकी एकट्याची नसते. झिंगू सांडशीत लोखंड धरायचा. भाता आणि घण त्याच्या बायकोकडे, रंभाकडे. झिंगूनं लहान हातोडीनं तापल्या लोखंडावर जिथे टिचकी द्यावी, तिथेच तिचा घण पडायचा. दोन टिचक्या म्हणजे जोरात. ऐरणीवर टकटक म्हणजे थांब. दिवस दिवस दोघं शब्द न बोलता काम करत. गिऱ्हाइकांशी बोलणं, भाव करणं, भांडणं हेही तिच्याचकडे होतं. ती गेल्यावर झिंगूला कळलं, की आपल्याला बोलायची सवयच नाही.

ती गेली तेव्हा एक काम अर्धवट राहिलं. पोरगा बापूजी, त्याला पुढेमागे बायको येईल तिच्यासाठी पावशी. विळीला इकडे पावशीच म्हणतात. पण ही साधी नव्हती. मोटारीच्या स्प्रिंगच्या तुटक्या पाट्याचं पोलाद आणि जुन्या फाळाचं मऊ लोखंड, पट्टीवर पट्टी रचायची, टाकणखार भुरभुरायचा, पांढरं होईतो तापवून ठोकून एकजीव करायचं. मग दुमडायचं आणि पुन्हा तेच. सहा दुमडी झाल्या होत्या. सातवीच्या आधी रंभाला ताप भरला, तो उतरला नाही. झिंगूनं ते लोखंड वळचणीला खोचलं. पोराचं लग्न झालं, सून बल्लारपूरला गेली, लोखंड तिथेच धूर खात राहिलं.

यंदा माघात त्यानं ते खाली काढलं. शेजारचा सुकलू घण मारायला आला.

"सांग भाऊ, कुठी मारू?"

झिंगूनं टिचकी दिली. सुकलू बघत राहिला.

"अरे, तोंडानं सांग ना! तुई हातोडी काय मले कानात सांगून राह्यली काय?"

आणि त्यानं घण हाणला तो सांडशीवर. झिंगूचा हात कोपरापर्यंत झिणझिणला. "राहू दे," तो म्हणाला. सातवी दुमड त्यानं सोडूनच दिली. रंभानं जेवढी ठोकली तेवढीच राहू द्यायची. पुढचं पातं वाढवणं, वाक देणं, पाणी चढवणं त्यानं लहान हातोडीनं एकट्यानं केलं. एका दिवसाच्या कामाला सोळा दिवस लागले. सागवानी पाट केला, पात्याच्या मानेशी पितळी पोपट बसवला. शेवटी पात्यावर चिंचेचं पाणी फिरवलं.

पोलाद काळं पडलं, लोखंड उजळ राहिलं. वैनगंगेच्या वाळूत पाणी ओसरल्यावर उमटतात तशा बारीक लहरी पात्यावर उमटल्या. त्या सगळ्या एका अंगाला कललेल्या होत्या. झिंगू पाहतच राहिला. रंभा डावरी होती. तिचा घण नेहमी डाव्या अंगानं उतरायचा, आणि या पात्यात तो अजून उतरत होता.

सुनेनं सासूला पाहिलं नव्हतं. रंभामागे ना दागिना राहिला होता, ना फोटो. ही पावशी सुनेच्या चुलीपुढे असावी, रोज भाजी चिरताना सासूचा हात तिच्या हातात यावा, एवढीच झिंगूची इच्छा होती. त्यासाठी एक वाक्य बोलायचं होतं. वैनगंगेची वाळू तुडवत, मग मोटारीत, चांद्याहून पुढे बल्लारपूरपर्यंत तो ते वाक्य घोकत गेला.

बल्लारपूरला बापूजी कागदाच्या कारखान्यात पाळीवर गेला होता. सून वच्छला शेजारणींबरोबर तांदूळ निवडत बसली होती. चार बायका पाहून झिंगूचं वाक्य घशातच राहिलं. त्यानं गोणपाटातून पावशी काढून पुढे सरकवली.

"भाजीले कामी येईल," तो म्हणाला.

"अगंबाई, पोपट पाहा!" एक शेजारीण म्हणाली. "पण पातं असं डागाळलं काऊन?"

"लोहाराघरची पावशी, अन् गंजलेली!" दुसरी हसली.

"तुमच्या घरी तर तेवढीबी नाई ना," वच्छलानं तिला गप्प केलं. झिंगूला सून आवडली.

सकाळी तो अंगणात आला तर पावशी उन्हात वाळत होती. पातं एकसारखं पांढरं झालं होतं. लहर नाही, रेघ नाही.

"मामाजी, पाहा बरं!" वच्छला ओल्या हातांनी पुढे आली. विटेच्या भुकटीनं तिची बोटं सोलवटली होती. "पहाटपासून घासून राह्यली. तुम्ही एवढ्या दुरून आणली, अन् त्या बाया गंजली म्हणतात! आता म्हणतील काय?"

झिंगूनं त्या बोटांकडे पाहिलं.

"नाई म्हणत," तो म्हणाला.

दुपारी ती त्याच पावशीवर आमचुरासाठी कैऱ्या चिरायला बसली. झिंगू भिंतीला टेकून बघत होता. सात-आठ कैऱ्या झाल्या, आणि ओल्या पात्यावर आधी सावलीसारखं काहीतरी हललं. मग रेघ. मग रेघेशेजारी रेघ, सगळ्या एका अंगाला कललेल्या. घासून काय जाणार होत्या त्या? आतपर्यंत होत्या. कैरीच्या आंबटानं परत वर आल्या.

"आता काय झालं हिले?" वच्छला वैतागली. "पुन्हा डाग!" तिनं उठून विटेची भुकटी घेतली.

"नको!"

झिंगूचा आवाज त्यालाच परका वाटला. वच्छला भुकटी मुठीत घेऊन उभी राहिली.

"काऊन, मामाजी?"

त्यानं पात्यावर बोट टेकवलं. "हे असं... एकीकडं कललं हाय ना? ते डावरीचं हाय."

"कोण डावरी?"

बायकोचं नाव त्यानं कधी घेतलं नव्हतं. "बापूची माय," तो म्हणाला. "घण तिचा हाय. मी फक्त धरून होतो."

वच्छलानं मुठीतली भुकटी खाली टाकली. मग तिनं हात धुतले, पदरानं पातं पुसलं आणि पावशी दोन्ही हातांनी कपाळाला लावली.

"मले पहिले सांगायचं नाई का, मामाजी? आता हिच्यावर भाजी चिरीन काय मी! सासूबाई हायेत ह्या."

तिनं लग्नातलं लाल फडकं काढलं, पावशी नीट गुंडाळली आणि देवाच्या फळीवर ठेवली. मग खाली बसून ती बाजारातली जुनी पावशी घेऊन उरलेल्या कैऱ्या चिरू लागली.

नको, झिंगूला म्हणायचं होतं. फळीवर नको ठेवू. कांदे चीर, भेंडी चीर, रोजच्या घाईत चीर. बापूच्या मायला बसून राहायची सवय नव्हती. पण एका दिवसात दोनदा बोलायचं बळ त्याच्यात नव्हतं. ऐरणीवर करायचा तशी त्यानं नकळत बोटानं भिंतीवर टकटक केली.

वच्छलानं वर पाहिलं. "पाणी पाहिजे काय, मामाजी?"

"हो," झिंगू म्हणाला. "आण घोटभर."