समुद्राकडच्या खिडकीची झडप

मी एक जुनी झडप आहे, मित्रांनो. वादळाच्या दिवसांत समुद्राकडच्या खिडकीवर चढवायची, लाल देवदाराच्या जाड फळ्यांची झडप. आमच्या बेटावर येणाऱ्या पाहुण्यांनी मला क्वचितच पाहिलेलं असतं. डिसेंबर ते एप्रिल इथे ऊन सोसवेल असं, वारा सुखाचा आणि समुद्र शहाण्या मुलासारखा. तेव्हा मी कोठीत कोळिष्टकांत पडून असते. जून लागला की मला बाहेर काढतात.

मला घडवलं थिओबाल्डने. किनाऱ्यावरचं चार खोल्यांचं विश्रामगृह त्याचं आणि त्याच्या बायकोचं, इस्मेचं. दर जूनला तो माझ्या बिजागऱ्यांना तेल घालायचा, तळव्याने मला थोपटायचा आणि म्हणायचा, "काय म्हातारे, यंदा दम आहे ना?"

आतून इस्मे ओरडायची, "त्या लाकडाशी बरा गोड बोलतोस! माझ्यापाशी आलं की तोंडाला कुलूप!"

सप्टेंबरात खोल्या ओस पडत. एका वर्षी थिओने त्या महिन्याचं भाडं निम्मं केलं.

"सप्टेंबरात पाहुणे बोलावतोस? अक्कल गहाण टाकलीस का?" इस्मे भडकली.

"मग दोघांनी एकमेकांची तोंडं बघत बसायचं? वादळ काय दर वर्षी येतं?"

एक तरुण पाहुणा आला. त्याच्या मागोमाग वादळही आलं.

सकाळभर वारा डोंगराकडून घोंगावत होता. आसऱ्याला आलेली शेजारची चिल्लीपिल्ली इस्मेला बिलगून बसली होती. मग एकाएकी सगळं थांबलं आणि वर निळं आभाळ दिसलं. हा वादळाचा डोळा. थोड्या वेळाने वारा उलट्या बाजूने येतो, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पाहुण्याला कुठून ठाऊक असणार? तो कॅमेरा घेऊन वाळूवर धावला.

"मी आणतो त्याला," थिओ म्हणाला. "वारा फिरला की सगळीकडे अडसर घाल. मग कोणीही ठोठावलं तरी उघडायचं नाही. मी असलो तरी नाही. वारा आत शिरला तर छप्पर जाईल, आणि ही पोरं आहेत."

"भाषण नको. लवकर ये, भात निवतोय."

वारा फिरला. आता तो थेट समुद्रावरून माझ्या अंगावर येत होता. थोड्याच वेळात माझ्यावर थापा पडू लागल्या. थप, थप. थांबून पुन्हा थप.

"थिओ!" इस्मे किंचाळली. तिने अडसराला हात घातले. पोरं रडत होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतले. थापा हळूहळू थांबल्या.

पाहुणा दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये जिवंत सापडला. "त्यांनी मला आत ढकललं आणि ते घराकडे धावले," तो सांगत होता. थिओ सापडलाच नाही.

तेव्हापासून फोनवर कोणी विचारलं की इस्मे हसून सांगते, "डिसेंबरात या, एप्रिलपर्यंत कधीही या. सप्टेंबरात? छे, एकही खोली रिकामी नाही." खरं तर चारही रिकाम्या असतात. ती मला खिडकीवर चढवते, माझ्यामागे बसते, आतून हलकेच थाप मारते आणि कान लावते.

"थिओ, तूच होतास का रे?"

माझ्या फळ्या आता कुजत चालल्या आहेत, पण तो प्रश्न ऐकताना होतं तसं दुःख मला कुजण्याचंही होत नाही.

मित्रांनो, ज्या तळव्याने मला घडवलं, तो मी ओळखणार नाही होय? त्या दिवशी माझ्यावर आपटत होती ती बदामाची तुटलेली फांदी होती. ओली, खरबरीत साल. बोटं नव्हती. थिओ माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता. पण मी पडले लाकूड, मी तिला कसं सांगणार?

म्हणून तुम्हाला विनवते. आमच्या बेटावर आलात तर चांगल्या दिवसांत या. माझ्या बिजागऱ्यांना तेल नाही घातलंत तरी चालेल. आधी इस्मेजवळ बसा, तिचा हात हातात घ्या आणि तिला एवढंच सांगा, बाहेर कोणी नव्हतं.