बावखलाच्या मयताला आलेली माणसं

मी बोळिंजमधल्या एका आळीच्या तोंडाशी उभा असलेला फळा. शाळेने मला मोडीत काढलं होतं. विठ्ठलने उचलून आणलं, काळा रंग दिला आणि दूधवाल्याच्या भिंतीला ठोकलं. तेव्हापासून रोज सकाळी वाडीत जाण्याआधी तो माझ्यावर एक वाक्य लिहितो. पुस्तकातलं नाही, स्वतःचं. सोनचाफा पिकवणारा माणूस. बोटं कायम मातीने भरलेली, पण अक्षर ठसठशीत.

एकदा त्याने लिहिलं, ‘दुसऱ्याला सुधारायला निघताना आपल्या घराचं दार ओढून घ्यावं, आतलं दिसतं.’

त्याची बायको नर्मदा वाचून म्हणाली, “आग्नेससाठी लिहिलंत ना?”

पलीकडच्या घरातली आग्नेस थोड्या वेळाने आली. हसत म्हणाली, “विठ्ठलभाऊ, बायकोला घरात सांगायची हिंमत नाही म्हणून इथे लिहिता होय?”

अशी ही आळी. सगळ्यांना माझं लिखाण पटतं, कारण ते शेजाऱ्याला लागू पडतं. आळीतली हेमाली रोज माझा फोटो काढून आळीच्या ग्रुपवर टाकते. लोक अंगठे दाखवतात आणि कामाला लागतात.

माझं आणखी एक काम आहे. आळीत कोणी गेलं की त्या दिवशी सुविचार पुसायचा, खडूने चौकट आखायची आणि नाव, वेळ, ठिकाण लिहायचं. चौकट दिसली की हातातलं काम टाकून प्रत्येक घरातून एक माणूस जातोच. इथे भांडणं पिढ्यान्‌पिढ्या चालतात, पण मयत कोणी चुकवत नाही.

गेल्या हिवाळ्यात आळीमागच्या बावखलात डंपर रिकामे होऊ लागले. बावखल म्हणजे वाडीला पाणी देणारं आमचं जुनं तळं. चार घरांचं सामाईक. विठ्ठलचा पुतण्या अनुज याने गाड्या लावायला जागा हवी म्हणून आपल्या कोपऱ्यातून भरावाला वाट दिली. डंपर दुपारी दोन ते चार यायचे, आळी जेवून आडवी झालेली असताना. आवाज सगळ्यांना ऐकू यायचा. कूस बदलायचे, बस.

विठ्ठल दारोदार फिरला. पाणी गेलं तर चाफा उभा वाळणार होता.

“तुमचं घरचं आहे, काका-पुतणे बघून घ्या,” लोक म्हणाले. कचेरीत अर्ज दिला. तिथे त्याला विचारलं, “सरकारी कागदावर हे तळं आहे का?” कचेरीतल्या कोणी एकदा येऊन डोळ्यांनी पाहिलं असतं तर कागदाची गरज पडली नसती. पण पाहायला जावं लागतं, आणि कागद खुर्चीत बसून मागता येतो.

मग एका सकाळी विठ्ठलने माझ्यावर चौकट आखली.

‘दुःखद निधन. बावखल, बोळिंज. अंत्यविधी दुपारी तीन वाजता, राहत्या जागी.’

हेमालीने फोटो टाकला. ग्रुपवर भराभर हात जोडले गेले.

“कोण गेलं?” दूध घेता घेता एकाने विचारलं.

“नाव नाही बघितलं. तीनला आहे, बावखलावर.”

तीन वाजता खांद्यावर टॉवेल टाकून पुरुष आले, पदर सावरत बायका आल्या. दोघांनी तर हारही आणले. काठावर येऊन सगळे मयत शोधू लागले. मागून डंपर आला आणि गर्दीपुढे थांबला. अनुज पुढे धावला.

“काका, लाज वाटते का? जिवंतपणी मयत लिहिता?”

“जिवंत आहे म्हणतोस ना?” विठ्ठल म्हणाला. “मग हा डंपर कशाला?”

काहीजण भडकले, ही काय थट्टा म्हणाले. पण आग्नेस डंपरसमोर बसली. “मयताला आलोय. अर्ध्यातून उठून जायची रीत नाही आपल्यात,” म्हणाली. हळूहळू बाकीचेही टेकले. डंपर मागे गेला, आणि नंतर आला नाही.

त्या संध्याकाळी ठरलं, दर रविवारी सगळ्यांनी मिळून भराव उपसायचा. पहिल्या रविवारी चाळीस माणसं आणि वडापाव. दुसऱ्या रविवारी अकरा. आता तिघं उरलीत: विठ्ठल, नर्मदा आणि आग्नेस. बावखलात कमरेएवढं पाणी आहे, पण निम्म्या भागात अजून विटांचे तुकडे आणि फुटक्या फरशा. आळीच्या समितीने मात्र तत्परतेने बैठक घेतली आणि ठराव केला, की फळ्यावर यापुढे फक्त सुविचार लिहावेत.

माझा रंग उडालाय, एक कोपरा वाळवीने खाल्लाय. मला नवा रंग द्यायला वर्गणी काढू म्हणतात. नको. माझ्यासमोर उभं राहून मानही डोलवू नका. बावखल इथून शंभर पावलांवर आहे. घमेली काठावरच पालथी ठेवलीत.